कोनासंगे चालनी व माय?

(बागलाण, देवळा, कळवण आणि मालेगाव भागातल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या सटाणा इथल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या पत्रकातला माझा विषय वाचून दोघींनी सकाळीच मला गाठलं. "पोटगी, दारूबंदी, रेशन हे सगळं पडलेलं असताना तू परदेशातल्या भटकंतीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पाठीवर सॅक टाकायची, फारसं काही न ठरवता दुसऱ्या देशात हिंडायला जायचं आणि त्यासाठी एक सोबतीण शोधायची, ही चैन आहे हे मला मान्य आहे. पण गेल्या वर्षी मी अशी सोबतीण शोधायला निघाले, आणि जिच्या जिच्याशी बोलले तिच्या घराचा सगळा नकाशा माझ्यापुढे उलगडत गेला. तिचे दिवस कुणाच्या ताब्यात आहेत, तिचा पैसा कुठे आहे, तिच्या 'हो'ला आणखी किती जणांचं 'हो' लागतं, हे एरवी वर्षभर शिबिरं घेऊन कळलं नसतं. म्हणून हा विषय.

आपल्या स्टँडवर बाई पिशवी घेऊन उभी दिसली की पहिला प्रश्न येतो, "कोनासंगे चालनी व माय?" कुठे चालली, हे नंतर. गडीमाणसाला कुठे निघालास एवढंच विचारतात. आणि गंमत बघा, बाईबरोबर आठ वर्षांचा भाचा असला तरी हा प्रश्न मिटतो! ते पोर तिची काय राखण करणार? पण ते असलं की ही बाई कुणाच्या तरी घरची आहे, कुणाला तरी विचारून निघाली आहे, हे दिसतं. सोबत या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ बराचसा हा आहे. सोबत दिली जाते, आपण ती निवडत नाही.

मजुरीला निघालेल्या बाईची गोष्ट मात्र वेगळी. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, तिथे सोबत म्हणजे उचल घेतलेल्या हिशोबाचा भाग. सुरगाणा-पेठकडच्या बाया द्राक्षबागांच्या कामाला गाडीत दाटीवाटीने बसून येतात, मुक्काम कुठे पडेल ठाऊक नसतं. त्यांच्या बेताला कुणी सैल म्हणत नाही. काम असेल तर बाईने कुठेही जावं, मन झालं म्हणून जाऊ नये, असा हा न्याय आहे.

हा प्रश्न जुना आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. निघण्याआधी फेब्रुवारीत त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं. हे बंगालमधलं श्रीरामपूर, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं नव्हे. लोक जे प्रश्न विचारत होते तेच एकेक घेऊन त्यांनी उत्तरं दिली. अमेरिकेलाच का, इथे शिक्षणाची सोय नाही का, आणि त्यातच एक प्रश्न होता, एकटी का? त्यांचं उत्तर सरळ होतं. दोघांनी मिळून जायचं आधी मनात होतं, पण पैसा पुरेसा नाही, आणि गोपाळरावांवर घरच्या माणसांचा भार आहे. नवऱ्याची सोबत मिळणं शक्य नाही, म्हणून जाणं रद्द, असं त्यांनी केलं नाही. हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकून त्यांनी प्रवासाच्या पैशांची तजवीज केली.

मला त्यांच्या गोष्टीतला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. बोटीवर त्यांना मिशनरी बायकांची सोबत होती, आणि ती काही सुखाची झाली नाही. खरी सोबत त्यांना मिळाली ती पत्रांतून. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं होतं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी ते वाचलं आणि ओळखपाळख नसताना आनंदीबाईंना पत्र घातलं. पुढे तीनेक वर्षं पत्रं जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. जूनमध्ये न्यू यॉर्कच्या बंदरात उतरवून घ्यायला हीच मावशी आली होती. आनंदीबाई १८८७ साली गेल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या, आणि त्यांनी पोकिप्सीला आपल्या कुटुंबाच्या जागेत त्यांचं स्मारक केलं. तीन वर्षं पत्रांतून एकमेकींना पारखून मग भेटलेल्या या दोघी. सोबत शोधायची ही एक रीतच म्हणा ना.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्यांच्याबरोबर आनंदीबाई भगत नावाची सोबतीण होती. इंग्लंडला पोचल्यावर काही महिन्यांतच भगतबाईंचा करुण अंत झाला. परक्या मुलुखात सोबत तुटणं किती जड जातं हे रमाबाईंनी सोसलं, तरी पुढे १८८६ साली त्या अमेरिकेलाही गेल्या, आनंदीबाईंच्या पदवीदानाला हजर राहिल्या.

आता कागदांचं. नवऱ्याच्या सहीशिवाय पासपोर्ट निघत नाही, असं तुमच्यातल्या कित्येकींना आजही सांगितलं जातं. ते खरं नाही. डिसेंबर २०१६मध्ये पासपोर्टचे नियम बदलले. लग्नाचा दाखला लागत नाही, आई किंवा वडील दोघांपैकी एकाचं नाव पुरतं, घटस्फोटित किंवा वेगळं राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. तरीही २०२५ साली तमिळनाडूतल्या एका बाईला पासपोर्ट कार्यालयाने नवऱ्याची सही आणायला सांगितली, घटस्फोटाचा दावा चालू असताना! मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५मध्ये स्पष्ट सांगितलं, की लग्न झालं म्हणून बाईची स्वतंत्र ओळख संपत नाही, पासपोर्टला नवऱ्याची परवानगी लागत नाही. नियम बदलायला जेवढी वर्षं लागतात त्याहून जास्त टेबलामागच्या माणसाचं डोकं बदलायला लागतात, हे आपल्याला नवीन नाही.

मालेगावच्या भगिनी इथे आहेत, म्हणून हजचंही बोलते. मेहरम, म्हणजे नवरा किंवा लग्न होऊ न शकणारा जवळचा पुरुष, बरोबर असल्याशिवाय आपल्या देशातून बाईला हजला जाता येत नव्हतं. २०१८पासून ४५ वर्षांवरच्या बायकांना मेहरमशिवाय, पण किमान चौघींच्या गटाने जाता येऊ लागलं. सौदी सरकारनेही २०२२ साली मेहरमची अट काढली, आणि २०२३ साली आपल्याकडून चार हजारांहून जास्त बायका अशा गेल्या. मला यात चौघींची अट फार विचार करायला लावते. सरकारने ती राखणीसाठी घातली असेल. पण घरात न मावणाऱ्या इच्छेसाठी बाहेरच्या तिघी शोधायच्या, त्यांच्याशी बोलायचं, पटतं का बघायचं, हे काम बायकांना स्वतः करावं लागलं. मामा-भाच्याच्या सोबतीपेक्षा ही सोबत निराळी.

तर माझ्या शोधाकडे येते. मला नेपाळला जायचं होतं, मे महिन्यात, अडीच आठवडे. ठरलेलं एवढंच होतं, की मनमाडहून काशी एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा ओलांडून पहिली रात्र लुंबिनीत. पुढचं पुढे.

पहिली जिला विचारलं ती शिक्षिका. पगार माझ्या दुप्पट. ती म्हणाली, "येते, पण कार्ड यांच्याकडे असतं. एवढे कशाला काढले, विचारतील." दुसरी निवृत्त, पेन्शनवाली, एकदम मोकळी. पण तिच्या मेमध्ये एका मुलीचं बाळंतपण होतं, जूनमध्ये दुसरीच्या मुलाची शाळा. आयुष्यभर बिनपगारी राबलेली बाई म्हातारपणी आणखी दोन घरांत वाटली जाते! तिसरी पंचविशीतली, कमावती. तिच्या आईने निरोप दिला, भाऊ बरोबर येणार असेल तर पाठवू. भावाला नेपाळमध्ये काडीचा रस नव्हता. चौथी देवळ्याकडची शेतकरी बाई, पन्नाशी ओलांडलेली, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. तिने एकच विचारलं, "उन्हाळ कांदा चाळीत भरला की निघू, चालेल ना?"

ती आली याचा आनंद झालाच. पण विचारायला कुणी उरलं नाही म्हणून तिला 'हो' म्हणता आलं, हे मला आजही टोचतं.

एकाही बाईने 'भीती वाटते' हे पहिलं कारण सांगितलं नाही, हेही लक्षात घ्या. आपण शिबिरांतून धीट व्हा, धीट व्हा सांगतो. धीर होता सगळ्यांकडे. कार्ड नव्हतं, सुट्टी नव्हती, आणि मागे स्वयंपाक कोण करणार याचं उत्तर नव्हतं.

चौथीचा मुलगा शहाणा, पण तोही म्हणाला, "रोजचा मुक्काम कुठे ते लिहून द्या." तो स्वतः कांद्याच्या ट्रकबरोबर चार-चार दिवस जातो, त्याला कुणी मुक्काम विचारत नाही. आम्ही त्याला लिहून दिलं, पहिली रात्र लुंबिनी, रोज संध्याकाळी एक फोन. बाकी कागद कोरा. त्या कोऱ्या कागदानेच घर अस्वस्थ झालं. बाईच्या दिवसातला तासन् तास कुणाला तरी ठाऊक असतो. जे ठरलेलं नाही ते तिचं एकटीचं, म्हणून ते खुपतं.

खास बायकांच्या सहली काढणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, पुष्कळजणी त्यांच्याबरोबर जातात, खुशीत येतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. सासूला 'कंपनीबरोबर जाते' सांगितलं की दार उघडतं, हे कमी नाही. पण तिथे कुठे थांबायचं, कधी उठायचं, हे पुन्हा दुसरंच कुणी ठरवतं, आणि खर्चही आपल्यातल्या बहुतेकींच्या आवाक्याबाहेरचा. खरं तर सैल बेताचा प्रवास आपल्याला परका नाही. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्या बायकांकडे काय असतं? एक बोचकं आणि गल्लीतल्या दोघी-तिघी. दमलं की बसायचं, कुणी पाणी दिलं की प्यायचं. देवीच्या नावाने जे चालतं ते स्वतःच्या नावाने चालत नाही, एवढाच फरक.

जाण्याआधी आम्ही दोघी साल्हेरला जाऊन आलो. १५६७ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला आपल्याच तालुक्यात आहे, आणि मला विचाराल तर कुणाबरोबर परदेशी जायचं असेल तर आधी तिच्याबरोबर साल्हेर चढा. कोण किती चालतं, कोण भुकेने चिडतं, कोण घोरतं, सगळं दोन दिवसांत कळतं. ती वाटेत दिसेल त्या माणसाशी बोलत थांबायची, मला पुढे जायची घाई. हे तिथेच कळलं, आणि मग आम्ही काही गोष्टी उघड बोलून घेतल्या. पैसा जिचा तिचा, मात्र खोली आणि गाडीचा खर्च एका वहीत. आपले १०० म्हणजे नेपाळचे १६०, हा हिशोब तिने मला शिकवला. पाळी, औषधं, उपास, आंघोळीची वेळ, लाज न धरता. आणि सर्वांत महत्त्वाचं, पटलं नाही तर वेगळं व्हायचं, पुन्हा कुठे भेटायचं ते ठरवून. लग्न लावतानाही एवढं बोलत नाहीत, असं ती म्हणाली.

ते कलम कामी आलं. पोखऱ्याला तिला मुक्तिनाथला जायचं होतं आणि मला तळ्याकाठी निवांत राहायचं होतं. दोघीही हट्टाला पेटलो. सकाळी ती गेली. बसच्या थांब्यावर तिला गुजरातच्या चौघी भेटल्या, त्यांच्या जीपमध्ये पाचवी म्हणून ती बसली. मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर आहे, तिथे धाप लागते, त्यांनी तिला हळूहळू चालवलं. चौथ्या दिवशी ती त्याच लॉजवर परत आली, खिशात शाळिग्राम आणि त्या चौघींचे फोन नंबर. आजही त्यांचं बोलणं चालू आहे.

पोखऱ्यातच लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणींचं काम आहे. पुरुष वाटाड्यांकडून त्रास झाल्याच्या तक्रारी बाहेरून येणाऱ्या बायका करत, ते ऐकून त्यांनी १९९०च्या दशकात बाईच बायकांना डोंगरात नेईल असं काम सुरू केलं, गावागावांतल्या मुलींना वाटाड्याचं शिक्षण दिलं. त्याच नेपाळात फेब्रुवारी २०२१मध्ये असा प्रस्ताव आला होता, की चाळिशीच्या आतल्या बाईला पहिल्यांदा एकटीने आखातात किंवा आफ्रिकेत जायचं असेल तर घरच्यांचं आणि वॉर्ड कार्यालयाचं पत्र लागेल. बायांना विकण्याचे प्रकार रोखायचे म्हणून! काठमांडूत बायका रस्त्यावर उतरल्या. राखणीच्या नावाखाली परवानगी कशी आत शिरते, ते सगळीकडे सारखंच.

आता भीतीबद्दल, कारण ती खोटी नाही. अंधारात उतरायचं नाही, कागदांच्या प्रती दोघींच्याही सॅकमध्ये, घरी नव्हे तर एका तिसऱ्या मैत्रिणीला रोजचा ठावठिकाणा. एवढं पाळावं. पण आपल्या केंद्रात येणाऱ्या बायकांची दुखणी आठवा. मारहाण करणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो, नात्याने ज्याची सोबत सुरक्षित मानतात तोच.

शेवटी कामाचं. नेपाळला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड चालतं, आधार चालत नाही. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी खुलं होतं, म्हणजे मेचं तिकीट मार्चमध्येच काढायला बसावं लागेल. पासपोर्टसाठी नाशिकला खेप घालावी लागते. साध्या ३६ पानी पुस्तकाची फी १५०० रुपये आहे, मिळतो दहा वर्षांचा. पाचजणींनी नावं दिली आहेत. चहा झाला की मागच्या खोलीत बसू, कुणाचं कुणाशी जमतं ते आपापसात बघा, मी जोड्या लावणार नाही. आणि ज्यांच्या मतदार कार्डावर अजून माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं, त्यांनी दोन्ही कार्डं घेऊन पुढे या, तो घोळ आधी निस्तरू.