लोहाराच्या पाण्याबद्दल

मला पाच मिनिटं दिलीत. मी दहा घेणार. ओव्हरटाइम मागून मिळत नसतो, घ्यावा लागतो, हे गोदीत शिकलो.

मी एका लोहाराबद्दल बोलणार आहे. गोंदिया जिल्ह्यातला, आमच्या गावचा. यंदा उन्हाळ्यात छातीनं गेला. नाव सांगत नाही, त्याच्या पोरांना विचारलेलं नाही. कुठल्या पेपरात त्याच्यावर दोन ओळी आल्या नाहीत.

दुसरा एक लोहार ऐका. अमेरिकेतल्या मेरीलँडचा विल्यम मोरान. जन्म १९२५, मृत्यू २००६. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक सुरा हातानं घडवायचा. १९७३ साली त्यानं थरावर थर ठोकून जोडलेल्या पोलादाचे सुरे प्रदर्शनात मांडले. त्या लाटालाटांच्या नक्षीला तिकडं दमास्कस म्हणतात. कृती दडवली नाही, लोकांना शिकवली. १९७६ साली पाती घडवणाऱ्यांची संघटना उभी केली. तो मेला तेव्हा त्याच्या धंद्यातल्या माणसांनी त्याच्यावर भरभरून लिहिलं. बरं केलं. हाताला मान मिळाला की माझा काही आक्षेप नसतो.

पण ज्या जुन्या दमास्कस तलवारींचं नाव त्या नक्षीला मिळालं, त्यांचं पोलाद मुशीत गाळलेलं, आणि ते इथून जायचं. तेलंगणातल्या कोनासमुद्रमला ते विकत घ्यायला इराणी व्यापारी येत. लंडनला फॅरेडे १८१९च्या सुमाराला तेच पोलाद तपासत बसला होता. आणि आपल्या नागपूर जिल्ह्यात, नायकुंडला, अडीच हजार वर्षांमागची लोखंड गाळायची भट्टी खणून काढलीय. भट्टी सापडली. भट्टीवाल्याचं नाव कोण सांगणार? गोंदियाच्या उत्तरेला मैकलच्या डोंगरात आगरिया दगडातून लोखंड काढायचे. एल्विननं १९४२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. तोवर जंगल सरकारी झालं होतं, कोळशासाठी लाकूड तोडणं गुन्हा झाला होता, विलायती लोखंड बाजारात आलं होतं. भट्ट्या विझत चालल्या होत्या.

आता आमचा लोहार. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यापासून विळे, पावश्या, कुऱ्हाडी आणि बिडीच्या कैच्या करायचा. बिडी म्हणजे आमच्याकडं बायांचा जन्म. पत्र्याचा फर्मा भिजल्या तेंदूपानावर ठेवायचा, कैची फिरवायची, दिवसाला हजार बिड्यांसाठी हजारदा. बोथट कैचीनं पान फाटतं, ठेकेदार बिड्या बाजूला काढतो, मजुरी कापतो. बिडी कामगारांचा कायदा १९६६ साली झाला होता, पण कैचीच्या धारेवर त्याचा इलाज नव्हता.

माझ्या मायचा अंगठा जाड. बाजारच्या कैचीनं घट्टा पडायचा, फुटायचा. लोहारानं तिचा अंगठा सुतळीनं मोजला. म्हणाला, "बाई, तुले कैची नाही पायजे, तुले तुह्या हाताची कैची पायजे." कडी मोठी केली, आतून कानशीनं गोल केली. ती कैची मायनं चौदा वर्षं वापरली.

पाणी द्यायचा तेव्हा बोलायचा नाही. पातं लालभडक करून पाण्यात बुडवायचं. चर्रर. तसं ठेवलं तर ते काचेसारखं तडकतं. म्हणून घासून उजळ करायचं आणि परत हलकी धग द्यायची. मग पात्यावर रंग चढत येतो. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे २२०-२३० अंश, हे मी नंतर वाचलं. त्याच्याकडं थर्मामीटर नव्हता. धारेला पिवळा आला की थांबायचं. कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, कारण तिला दणका सोसायचा असतो. दिवसा भट्टीवर बारदान टांगून अंधार करायचा, का तर उन्हात आगीचा रंग खोटा दिसतो.

आणि हेही बोललं पाहिजे, मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायला मी इथं आलो नाही. त्याच्या बापाच्या काळात आमच्या वस्तीचा विळा लांबून फेकून मिळायचा. ह्यानं तो हातात दिला. मायच्या अंगठ्याला हात लावला. पण आमच्या घरचं पाणी तो कधी प्याला नाही. भर मे महिन्यात पावशी पोचवायला आला, मायनं गडवा पुढं केला, तो म्हणाला, "तहान नाही." घामानं निथळत होता. आमच्या लोखंडाला पाणी दिलं, आमच्या हातचं घेतलं नाही. बारा बलुत्यांत तोही होता, गावानं त्यालाही पायलीभर धान्यावरच राबवलं. तरी गडवा तसाच राहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला एकीनं दुसरी पुसायची नाही.

त्याच्या पोरांनी धंदा धरला नाही. ऐरण भंगारवाल्यानं किलोवर नेली. मी गोदीत लोखंडाच्या कॉइली उतरवतो, एकेक कित्येक टनांची. त्यातलं एकही लोखंड कुणाच्या अंगठ्याचं माप घेऊन आलेलं नसतं.

विदर्भ एक्स्प्रेसनं इथं आलेले तुमच्यात बरेच असतील, देवरीचे, सालेकशाचे, अर्जुनी मोरगावचे. आपापल्या गावच्या लोहाराचं, घिसाड्याचं नाव घरच्यांना विचारून लिहून आणा. तो काय घडवायचा ते लिहा. आणि कुणाच्या घरचं पाणी प्यायचा, कुणाच्या नाही, तेही लिहा. कागद माझ्याकडं द्या, मी रविवारी इथंच असतो.