करवतकाठ कुणाच्या मालकीचा?

भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या कापडासाठी ओळखलं जातं. त्याची करवतकाठी साडी विणताना हातमागावर तीन धोटे चालतात: दोन काठांचे, एक अंगाचा. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकतो आणि करवतीसारखे दाते उमटतात. उद्या एखाद्या क्रीडा लीगने ही नक्षी, हे नाव जर्सीवर छापून त्यावर मालकी सांगितली तर?

असं दुसरीकडे घडलेलं आहे. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या एनएफएल या फुटबॉल लीगने न्यू ऑर्लिन्सच्या टी-शर्ट विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. कारण होतं 'हू डॅट' ही तिथल्या संघाच्या चाहत्यांची आरोळी; लीगने तिच्यावर मालकी सांगितली होती. ती तर त्या शहरात आधीपासूनच लोकांच्या तोंडी होती. लोक संतापले आणि लीगला नमतं घ्यावं लागलं.

आपल्याकडे १९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा आहे. त्याखाली करवतकाठीची नोंद झालेली आहे. या नोंदीतून मिळणारा हक्क एकट्या मालकाचा नसतो, त्या भागातल्या उत्पादकांचा असतो. नोंद दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावं लागतं. कुणी या नावावर ट्रेडमार्क मागितला, तर ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत हरकत घेता येते.

म्हणून विणकर बंधूंनो, भगिनींनो, या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून आपलं नाव नोंदवा. काठ आपला आहे, त्याची राखणही आपणच करायची आहे.