विद्याऋण थकतें तेव्हां

शास्त्रकारांनीं मनुष्याच्या माथीं जन्मतःच तीन ऋणें लिहून ठेविलीं आहेत. त्यांपैकीं ऋषिऋण अध्ययनानें फिटतें, असा त्यांचा निर्वाळा आहे. आजच्या काळानें हा हिशेब उलटा केला. आतां अध्ययनापायींच ऋण होतें. आणि तें ऋषींचें नसून बँकेचें किंवा सरकारी महामंडळाचें असल्यामुळें त्याला व्याजही लागतें. वऱ्हाडास कर्ज ही वस्तु नवी नव्हे. सावकाराची वही, तिच्यामागून सहकारी सोसायटी आणि पुढें राष्ट्रीयीकृत बँक, अशा तीन पिढ्यांच्या ओळखीमुळें अमरावती-अकोल्याकडील घरांना पीककर्जाची भाषा तोंडपाठ आहे. परंतु मुलाच्या शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज निराळ्या जातीचें असतें, आणि तें थकलें असतां काय करावें हें शिकलेल्या घरांतही फारसें कोणास ठाऊक नसतें.

सरकारनें विद्यार्थ्यांस कर्ज देण्याची कल्पना आजकालची नाहीं. केंद्र सरकारनें १९६३-६४ सालीं राष्ट्रीय ऋण शिष्यवृत्तीची योजना सुरू केली होती. हुशार पण गरीब विद्यार्थ्याला बिनव्याजी रक्कम मिळे, आणि नोकरी लागल्यावर ती हप्त्यांनीं परत करावयाची असे. तींत एक कलम मोठें सुरेख होतें: कर्जदार पुढें शिक्षक झाला, तर त्याच्या सेवेच्या प्रत्येक वर्षास कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. दहा वर्षें खडू झिजविला कीं ऋण फिटलें! ही योजना पुढें बंद पडली, आणि २००१ सालापासून बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनें तिची जागा घेतली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळासारख्या सरकारी संस्थाही कर्ज देतात. पण बहुतेक घरांचा संबंध येतो तो बँकेशींच.

हें कर्ज वाढतें कसें, तें हिशेबानें पाहिलें पाहिजे. समजा, अकोल्याजवळच्या एखाद्या गांवच्या शेतकऱ्याच्या मुलानें अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठीं दरसाल एक लाख याप्रमाणें चार लाख रुपये उचलले, आणि व्याजाचा दर शेंकडा १० आहे. शिक्षणाचा काळ व त्यानंतरचें एक वर्ष हप्ता द्यावा लागत नाहीं. मात्र सरळ व्याज चालूच असतें. त्या पांच वर्षांत १,४०,००० रुपये व्याज चढतें, आणि पहिला हप्ता यावयाच्या दिवशीं चार लाखांचे पांच लाख चाळीस हजार झालेले असतात. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर हप्ता सुमारें ७,१०० रुपये पडतो. मुलाला पहिली नोकरी पंधरा हजारांची लागली, आणि तीही पुण्यासारख्या शहरांत, तर खोलीभाडें व खाणावळ देऊन हा हप्ता निघावयाचा कोठून?

घराचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत असेल व अभ्यासक्रम नियमांत बसत असेल, तर हें मधल्या काळाचें व्याज केंद्र सरकारनें सोसावें, अशी योजना २००९ सालापासून आहे. पण त्यासाठीं उत्पन्नाचा दाखला वेळेवर बँकेंत पोंचावा लागतो. कित्येक घरांत तो दाखला काढलेला असतो आणि पेटींत पडून राहिलेला असतो.

हप्ता चुकूं लागला कीं घरांत एक चमत्कारिक शांतता पसरते. मुलगा बँकेचा फोन उचलीत नाहीं. बाप बँकेच्या रस्त्यानें जाणें टाळतो. कोणी गांठून विचारलेंच तर वऱ्हाडी उत्तर ठरलेलें: "पोराले नोकरीच नाही लागली, साहेब, तं पैसे भरू कुठून?" हें उत्तर खरें असतें, पण तें बँकेस लेखी कळविलेलें नसतें, आणि सारा घोटाळा येथेंच होतो. नव्वद दिवस हप्ता थकला कीं खातें अनुत्पादक ठरतें. या कर्जांत बाप सहकर्जदार असतो. म्हणून मुलाचें खातें बिघडलें कीं त्याच बँकेंतून मृगाच्या तोंडावर पीककर्ज मिळण्यास बापालाच अडचण येते. मुलाचें शिक्षण आणि शेतांतली पेरणी अशीं एका दाव्याला बांधलीं जातात.

वास्तविक योजनेच्या नियमांतच सवलतीची वाट ठेविलेली आहे. नोकरी सुटली, लागलीच नाहीं किंवा अगदींच तुटपुंजी लागली, तर परतफेडीच्या काळांत दोनतीन वेळां हप्ते स्थगित करण्यास बँकेला मुभा आहे. मुदतही पंधरा वर्षांपर्यंत लांबवितां येते. तसें केल्यास वर सांगितलेला ७,१०० चा हप्ता ५,८०० वर उतरतो. एकूण व्याज अधिक पडतें हें खरें, पण खातें जिवंत राहतें. अट इतकीच कीं मागणी खातें बिघडण्यापूर्वीं, लेखी आणि पगारपत्रकासारख्या पुराव्यानिशीं झाली पाहिजे. अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का व तारीख घ्यावी. तीस दिवसांत समाधान झालें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करतां येते. हें सारें एका कागदाचें काम आहे, आणि तेवढाच कागद लिहिला जात नाहीं.

त्याचें कारण अज्ञान थोडें व लाज अधिक. कर्ज थकलें म्हणजे माणूस खोटा, ही समजूत मध्यम वर्गांत खोल रुजलेली आहे. अशा घरांनीं बडोद्याचें एक प्रकरण आठवावें. १९१३ सालीं बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, ते परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. १९१७ सालीं ते बडोद्यास रुजूही झाले. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना, कचेरींत शिपायांकडून अवमान होई. अखेर त्याच सालीं त्यांना बडोदें सोडावें लागलें. करार मोडला, आणि शिक्षणावर झालेला वीस हजारांहून अधिक खर्च संस्थाननें कर्ज म्हणून परत मागितला. त्याबद्दल पुढें वर्षानुवर्षें पत्रव्यवहार चालला, आणि शेवटीं ती रक्कम सोडून देण्यांत आली. करार मोडण्याचें कारण ऋणकोच्या नियतींत नव्हतें, भोंवतालच्या समाजांत होतें. आजच्या पदवीधराची गोष्ट तेवढी दारुण नसेल. पण त्याचा हप्ता थकण्याचें कारणही पुष्कळदां त्याच्या नियतीबाहेरचेंच असतें, आणि तें सांगण्यांत अप्रतिष्ठा कसली?

दुसरी अडचण आशेची आहे. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्या वऱ्हाडानें पाहिल्या. त्यामुळें ‘आज ना उद्यां हेंही माफ होईल’ असें पारावर बोललें जातें. त्या माफ्या शेतीकर्जाच्या होत्या. त्यांत शैक्षणिक कर्ज आलें नव्हतें, आणि त्या भरंवशावर थांबणाऱ्याचें व्याज मात्र थांबत नाहीं. पांच लाख चाळीस हजारांवर एका वर्षाचेंच चोपन्न हजारांहून अधिक होतें.

प्रकरण हाताबाहेर गेलेंच, तरी घाबरून सावकाराकडे धांवूं नये. वसुलीच्या माणसानें सकाळीं आठच्या आधीं व सायंकाळीं सातनंतर फोन करूं नये, धाकदपटशा करूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट दंडक आहे. न्यायालयावांचून तारण ताब्यांत घेण्याचा जो अधिकार २००२ च्या कायद्यानें बँकांना दिला, तो शेतजमिनीस लागू नाहीं. पण दिवाणी दावा होऊं शकतो, आणि जामीनदार घेतलेला असेल तर धनको थेट त्याच्याकडेही जाऊं शकतो. हा जामीनदार बहुधा कोणी पगारदार नातेवाईक किंवा गांवच्या शाळेचे गुरुजी असतात. भिडेखातर सही करून बसलेल्या त्या माणसाला पहिली बातमी नोटिशीनें कळावी, यापरतें वाईट काहीं नाहीं.

तडजोडीची उत्तम जागा म्हणजे लोकअदालत. अमरावती व अकोला या दोन्ही ठिकाणीं जिल्हा न्यायालयांत ती भरते, आणि दावा दाखल होण्यापूर्वींचीं प्रकरणेंही तेथें घेतलीं जातात. तिचा निवाडा दिवाणी हुकुमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नाहीं. म्हणून जो हप्ता खरोखर झेपेल तोच कबूल करावा. संकोचानें फुगवून सांगितलेला आंकडा दोन महिन्यांत पुन्हां चुकतो. मूळ रकमेंत सूट घेऊन तडजोड केली, तर पतनोंदीवर ‘पूर्ण फेड’ असें न लागतां ‘तडजोड’ असा शेरा लागतो, आणि पुढें घरासाठीं कर्ज मागतांना तो आड येतो. यासाठीं शक्य तेथें मुदतवाढ घेऊन पूर्ण फेड करणेंच बरें. शेवटचा हप्ता भरल्यावर बाकी नसल्याचा दाखला व ठेवलेले मूळ कागद त्याच दिवशीं मागून घ्यावेत, आणि महिन्याभरानें पतनोंद तपासावी. तींत चूक दिसली व तक्रारीनंतर तीस दिवसांत ती दुरुस्त झाली नाहीं, तर पुढच्या प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई मागण्याचा कर्जदारास हक्क आहे.