घरगुती प्रिंटरची निगा आणि चित्रांच्या प्रती



शाईच्या घरगुती प्रिंटरवर चित्रांच्या उत्तम प्रती काढणाऱ्यांनी त्या यंत्राची निगा कशी राखावी, या विषयावर मी आज बोलणार आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु चित्रकार जेव्हा वीस प्रतींची मालिका काढतो आणि प्रत्येक प्रतीखाली क्रमांक घालून सही करतो, तेव्हा पहिली आणि विसावी प्रत एकसारखी आहे, असे वचन तो ग्राहकाला देत असतो. ते वचन पाळले जाणे पुष्कळ अंशी यंत्राच्या निगेवर अवलंबून असते.

या कलेचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. कॅलिफोर्नियातील नॅश एडिशन्स या मुद्रणशाळेत आयरिस नावाचे एक अवाढव्य यंत्र वापरले जाई. ते मुळात छापखान्यांना छपाईपूर्वीचे नमुने काढता यावेत म्हणून बनविलेले होते. त्यावर काढलेल्या कलाप्रतींसाठी जॅक ड्यूगन यांनी १९९१ साली ‘जिक्ले’ हे नाव योजिले. फवाऱ्याच्या तोटीसाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून ते घेतलेले आहे. त्या यंत्राची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असे आणि तिच्यातील अनेक प्रती उजेडात लवकर फिक्या पडत. पुढे २००० सालाच्या सुमारास पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, शाई मेजावरच्या प्रिंटरमध्ये आली. प्रतींचे आयुष्य त्यामुळे वाढले. मात्र यंत्राची काळजीही वाढली.

ती का वाढली, हे समजण्यासाठी यंत्राच्या पोटात पाहिले पाहिजे. कागदावरून जा-ये करणाऱ्या हेडच्या तळाशी केसाहूनही बारीक छिद्रे असतात. त्यांना नोझल म्हणतात. काही यंत्रांत शाई क्षणभर तापवून, तर काहींत विजेने आकार बदलणाऱ्या पदार्थाच्या दाबाने, तिचे सूक्ष्म थेंब या छिद्रांतून फेकले जातात. पिगमेंटचे कण छिद्राच्या मानाने फारच लहान असतात. सुस्थितीतील शाईत ते अडकत नाहीत. शाईतील पाणी उडून गेले की मागे राहिलेले कण आणि त्यांना बांधून ठेवणारे द्रव्य यांचा मात्र चिकट थर बनतो. तात्पर्य, नोझल सामान्यतः वापराने तुंबत नाहीत, ते बिनवापराने तुंबतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सर्व रंग असलेले एखादे छोटे चित्र छापावे. एवढी एकच सवय पुष्कळशी दुरुस्ती वाचविते.

आता दोषाकडे वळू. औषधापूर्वी निदान हवे. प्रतीत पांढऱ्या रेघा दिसल्या, तर प्रथम नोझलची तपासणी छापून पाहावी. तीत एखाद्या रंगाच्या रेषा तुटलेल्या असतील, तरच दोष नोझलचा. तपासणी निर्दोष असूनही चित्रात आडवे पट्टे येत असतील, तर बहुधा कागद पुढे सरकण्याचे माप किंवा हेडची जुळणी चुकलेली असते. पट्टे नाहीत, पण रंगच विपरीत आले, तर निवडलेला कागदाचा प्रकार आणि रंगाचे प्रोफाइल पाहावे. चकचकीत कागदाची निवड ठेवून खरबरीत सुती कागद घातला, तर हेड कितीही धुतले तरी रंग सुधारणार नाही.

दोष नोझलचाच ठरला, तर स्वच्छतेची आज्ञा एकदा द्यावी आणि पुन्हा तपासणी छापावी. दोन-तीन वेळा करूनही रेषा भरल्या नाहीत, तर यंत्र बंद करून रात्रभर तसेच राहू द्यावे. वाळलेली शाई भिजून सैल होण्यास आणि आत शिरलेली हवा वर येण्यास वेळ लागतो. अधीर होऊन ही आज्ञा दहा वेळा दिल्याने बरीचशी महाग शाई टाकाऊ शाईच्या गादीत जाते आणि ती गादीही लवकर भरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वच्छतेच्या वेळी रबरी कडेचे एक झाकण हेडला खालून घट्ट चिकटते आणि पंप त्यातून शाई ओढून घेतो. त्या कडेवर वाळलेली शाई, धूळ किंवा एखादा केस असला, तर हवा आत शिरते आणि ओढ लागतच नाही. कित्येकदा दोष हेडचा समजला जातो, तो असतो या झाकणाचा. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजविलेल्या, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने झाकणाची कड आणि शेजारची पुसणारी रबरी पट्टी हलक्या हाताने स्वच्छ करावी. नळाचे पाणी वापरू नये; त्यातील क्षार मागे राहतात. हेडच्या तळाला बोट किंवा कापड लावू नये. सुती कागदाची भुकटीही शत्रूच होय. कागद घालण्यापूर्वी तो मऊ ब्रशने झाडून घ्यावा.

आपल्या देशाच्या हवेचाही विचार करावा लागतो. कोकणात किंवा केरळात पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि धावते हेड त्यांना घासून डाग पडतात. तेथे कागद वेष्टणात बंद ठेवून लागेल तेवढाच काढावा. राजस्थानात किंवा दिल्लीत उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत शाई वाळते. तेथे यंत्र पंख्याच्या झोतापासून दूर आणि धूळ बसू नये म्हणून झाकलेले असावे. छापताना मध्येच वीज गेली, तर हेड उघडेच अडकून राहते. वीज परतताच यंत्र सुरू करून हेड झाकणावर जाऊ द्यावे. याच कारणासाठी यंत्र भिंतीवरच्या बटणाने बंद न करता त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावे.

शेवटी एवढेच सांगेन की, प्रत्येक मालिकेच्या आरंभी नोझलची तपासणी छापून ती तारखेसह जपून ठेवावी आणि पहिली मान्य केलेली प्रत नमुना म्हणून बाजूला काढावी. पुढची प्रत त्या नमुन्याशी जुळत नसेल, तर तिच्यावर सही करू नये. कागद वाया गेल्याचे दुःख होते, हे खरे. परंतु सदोष प्रत विकत घेणाऱ्याला आपली फसवणूक झाली हे कळण्यास कदाचित वर्षे लागतील, चित्रकाराला मात्र ते त्याच क्षणी ठाऊक असते.