दुखलं तर हात वर करा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी बोलणार आहे ते जाग्या माणसावर होणाऱ्या ऑपरेशनबद्दल. घाबरून रेडिओ बंद करू नका, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा अनुभव घेतलेला असणार. कुणाची दाढ काढली असेल, कुणाचा मोतीबिंदू, कुणाला टाके पडले असतील, कुणाचं सिझेरियन झालं असेल. अशा वेळी बहुधा पूर्ण भूल देत नाहीत, तेवढा भाग बधिर करतात. आपण टक्क जागे असतो आणि आपल्याच शरीरावर चाललेलं काम ऐकत असतो.

मी डॉक्टर नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पण तीन वेळा मी अशी जागी राहून टेबलावर किंवा खुर्चीत पडले आहे, आणि त्या तीन वेळांत मला जे उमगलं ते सांगायला आज आले आहे.

पहिला प्रसंग १९७३ सालचा. मी सोळा वर्षांची होते. खालची दाढ किडून गाल सुजला होता. वडील मला तालुक्याच्या गावी दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. निघताना आईनं बजावलं होतं, "ओरडायचं नाही हं. शहाण्या मुलीसारखं बसायचं." डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "ओठ जड झाला का?" ओठ थोडासा जड झाला होता. हो म्हणणं हेच बरोबर उत्तर असावं, असं समजून मी मान हलवली. मग त्यांनी चिमटा लावला.

ती कळ मला आजही आठवते. दाढ बधिर झालेलीच नव्हती. मी खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले आणि तोंडातून हूं की चूं केलं नाही. दाढ निघाली. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "शूर आहे हो तुमची मुलगी!" वडिलांची छाती फुगली. परत येताना त्यांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं.

या शौर्याचा पुढचा हिशेब ऐका. त्यानंतर बावीस वर्षं मी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी चढले नाही. दात दुखला की लवंगेचं तेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि फारच झालं तर एखादी गोळी. जेव्हा नाइलाजानं गेले, तेव्हा आणखी चार दाढा वाचण्यापलीकडे गेल्या होत्या.

त्या दिवशी इंजेक्शन का लागू पडलं नाही, ते मला फार उशिरा कळलं. जिथे पू झालेला असतो, सूज असते, तिथे आम्लता वाढते आणि बधिर करणारं औषध नसेपर्यंत नीट पोचत नाही. अशा वेळी डॉक्टर आणखी एक इंजेक्शन देतात, दुसऱ्या जागी देतात, किंवा आधी औषधं देऊन सूज उतरवतात. म्हणजे उपाय होता. पण तो करायची गरज आहे हे डॉक्टरांना कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मी सांगणं. आणि मी तर शहाण्या मुलीसारखी बसले होते.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, तेव्हा मी या भुलीचा इतिहास वाचून काढला. त्यात एक गंमत सापडली. अंग बधिर करण्याचं सगळं शास्त्र कुणीतरी जाग्या माणसानं तोंड उघडून "दुखतंय" किंवा "दुखत नाही" असं सांगितल्यावरच पुढे गेलेलं आहे.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर होता. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी काहीतरी हवं, या विचारानं तो पछाडला होता, कारण ऑपरेशन होताना पेशंटनं डोळा स्थिर ठेवणं गरजेचं असतं. कोकेनचे थेंब त्यानं आधी बेडकाच्या डोळ्यात घालून पाहिले, मग सशाच्या आणि कुत्र्याच्या. पण बेडूक काही सांगू शकत नाही. शेवटी कोलरनं आणि त्याच्या सहकाऱ्यानं ते थेंब स्वतःच्या डोळ्यांत घातले आणि टाचणीच्या डोक्यानं बुबुळाला स्पर्श केला. "मला काहीच जाणवत नाही," हे वाक्य उच्चारलं गेलं आणि शोध सिद्ध झाला. त्या सप्टेंबरात हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत त्याचा निबंध दुसऱ्यानं वाचला, कारण कोलरपाशी प्रवासखर्चाचे पैसे नव्हते.

पुढे १८९८ साली जर्मनीत कील इथे ऑगस्ट बिअर या शल्यतज्ज्ञानं पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. पेशंटला नेमकं काय होतं हे समजावं म्हणून त्यानं आणि त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट यानं ते स्वतःवर करून पाहायचं ठरवलं. बिअरच्या वेळी सुई आणि सिरिंज जुळेनात, तेव्हा हिल्डेब्रांट पुढे झाला. बिअरनं त्याच्या पायाला सुया टोचल्या, सिगारचा चटका दिला, नडगीवर हातोडी मारली आणि प्रत्येक वेळी विचारलं, दुखतंय का? दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र दोघांची अवस्था वाईट होती. बिअर डोकेदुखीनं कित्येक दिवस अंथरुणाला खिळला होता. पण पेशंटला काय वाटतं हे विचारायची त्याला लाज वाटली नाही.

बिअरचं ते इंजेक्शन मला मिळालं २००३ साली, आणि हा माझा दुसरा प्रसंग. पावसात नव्हे, घरच्याच ओल्या पायरीवरून घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. पट्टी आणि स्क्रू बसवायचे होते. मला कुशीवर मुटकुळं करून निजवलं, पाठीत सुई टोचली आणि काही मिनिटांत पाय ऊबदार झाले, मग जड झाले, मग जणू माझे राहिलेच नाहीत. पुढे हिरवा पडदा. पडद्यापलीकडून सुताराच्या दुकानासारखे आवाज येऊ लागले. ड्रिलची घरघर, हत्यारांची खणखण. दुखत अजिबात नव्हतं. पण तो आवाज माझ्या हाडातून येतो आहे, हे कळत होतं.

आणि एवढ्यात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरेरे! गेला!"

श्रोतेहो, त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं असेल! काय गेला? पाय गेला? आता शाळेचा जिना कसा चढायचा? दुसऱ्या मजल्यावरचा नववीचा वर्ग कुणाला देतील? मी विचारलं नाही. सोळाव्या वर्षीची ती शहाणी मुलगी अजून माझ्यात बसलेलीच होती. शेवटी यंत्रावर माझ्या नाडीचे ठोके वाढलेले पाहून उशाशी बसलेल्या भूलतज्ज्ञ बाई खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "बाई, काय होतंय?" मी कसंबसं विचारलं, "काय गेलं हो?" त्यांना क्षणभर कळेना. मग त्या हसल्या. "अहो, सचिन गेला. आउट झाला. तुमचा पाय आहे जागेवर." विश्वचषक चालू होता आणि कुणीतरी दाराशी येऊन बातमी सांगून गेलं होतं.

सगळे हसले, मीही हसले आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर त्या बाईंनी एक गोष्ट केली. ऑपरेशन संपेपर्यंत त्या मला सांगत राहिल्या. "आता स्क्रू बसवतायत, पुन्हा तसाच आवाज येईल." "आता टाके घालतायत." तोच ड्रिल, तीच घरघर. पण या खेपेला मला भीती वाटली नाही.

यावरून मला पुण्याच्या ससून रुग्णालयातली एक घटना आठवते. १२ जानेवारी १९२४च्या रात्री तिथे कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं आंत्रपुच्छाचं ऑपरेशन केलं. बाहेर वादळ होतं. ऑपरेशन चालू असतानाच वीज गेली आणि ते कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. गांधीजींना पूर्ण भूल दिलेली होती, त्यांना यातलं काही कळलं नाही. पण समजा, पेशंट जागा असता आणि अंधारात त्यानं "दिवे गेले!" एवढंच ऐकलं असतं तर? जाग्या पेशंटच्या कानावर पडणारा प्रत्येक शब्द हा उपचाराचाच भाग असतो. हिरवा पडदा नजर अडवतो, आवाज अडवत नाही.

आणि काही ऑपरेशनं तर पेशंट जागा असल्याशिवाय करताच येत नाहीत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते कवटीवरच्या कातडीला आणि मेंदूवरच्या आवरणाला, आणि तेवढं बधिर करता येतं. कॅनडात मॉन्ट्रियल इथे वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यतज्ज्ञ गेल्या शतकात जाग्या पेशंटच्या मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श करून विचारत, "आता काय वाटतं?" बोलण्याचं केंद्र कुठे, हात हलवणारं कुठे, हे त्यांना पेशंटच्या उत्तरांवरून कळे. २०१७ साली बंगळुरूत एका तरुणानं मेंदूवर उपचार चालू असताना गिटार वाजवली. वाजवताना त्याची बोटं आखडत, आणि ती मोकळी झाली की नाही हे वाजवूनच कळणार होतं. २०२० साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात एका व्हायोलिनवादक बाईंनी मेंदूतली गाठ काढली जात असताना व्हायोलिन वाजवलं. तिथे पेशंट सांगेल त्याप्रमाणे शल्यतज्ज्ञाचा हात पुढे जातो.

आता माझा तिसरा प्रसंग. २०२२ साली माझा मोतीबिंदू काढला. डोळा बधिर करायला फक्त थेंब घातले. कोलरची आठवण झाली. तोंडावर कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक, वर लख्ख दिवा. डॉक्टर प्रत्येक गोष्ट आधी सांगत होते. "काकू, दिव्याकडे बघा. आता पाणी जाणवेल. आता थोडं दाबल्यासारखं वाटेल. खोकला आला तर आधी सांगा, मी थांबेन. एकदम मान हलवू नका." एक सिस्टर माझा हात धरून उभी होती. मला दिव्याचे रंग दिसत होते, निळे, गुलाबी, आणि त्यांतून सावल्या सरकत होत्या. आणि मध्येच एक बारीकशी कळ आली.

फार नव्हती. सहन झाली असती. एकोणपन्नास वर्षांपूर्वी मी याहून कितीतरी जास्त सोसलं होतं. पण या वेळी मी म्हणाले, "डॉक्टर, दुखतंय." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

ते लगेच थांबले. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले, आणखी औषध घातलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, "आता?" मी म्हटलं, "आता नाही." आणि काम पुढे सुरू झालं. इतकं सोपं होतं ते.

तेव्हा श्रोतेहो, आमच्या पिढीला सोसण्याचं कौतुक फार. पण ऑपरेशनच्या टेबलावर "दुखतंय" ही कुरकुर नसते. डॉक्टरांना यंत्रावर न दिसणारी ती एक माहिती असते. म्हणून सुरुवात करायच्या आधीच त्यांना विचारा, "दुखलं तर कसं सांगू?" तोंडात हत्यारं असतील तर हात वर करायचा की नाही, ते ठरवून घ्या. डोळ्याचं ऑपरेशन असेल तर हात हलवायचा नाही, तोंडानं सांगायचं. दाबल्यासारखं वाटणं आणि दुखणं यांतला फरक आधीच समजून घ्या, कारण औषधानं कळ जाते, स्पर्श आणि दाब थोडा जाणवतच राहतो. दाताच्या इंजेक्शननंतर दोन मिनिटं छाती धडधडली तर घाबरू नका. त्या औषधात पुष्कळदा ॲड्रिनलिन असतं, त्यामुळे तसं होतं. पण हृदयविकार असेल किंवा पूर्वी एखाद्या इंजेक्शनचा त्रास झाला असेल, तर ते आधी सांगायचं. आणि डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय कुणी ऐकत असतील, तर त्यांना एवढीच विनंती की पडद्याअलीकडे एक माणूस जागा आहे, हे विसरू नका.

परवा नऊ वर्षांच्या नातीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. निघताना माझ्या ओठांवर आईचं ते जुनं वाक्य आलं होतं. मी ते गिळलं. तिला म्हटलं, "दुखलं तर लगेच सांगायचं." डॉक्टर मुलगी तरुण होती. तिनंही नातीला तेच सांगितलं, "दुखलं की डावा हात वर कर. मी थांबणार, प्रॉमिस."

नातीनं तीनदा हात वर केला. डॉक्टर तिन्ही वेळा थांबली. घरी येताना रिक्षात मी विचारलं, "खूप दुखलं का गं?"

"दोनदा थोडंसं दुखलं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा नुसतं बघितलं, ती खरंच थांबते का."

पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या दातासाठी जायचं आहे. तारीख तिनंच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.