खर्च किती येईल, की मोबदला किती मिळेल?



समोर बसलेल्यांपैकी बरेच जण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आहेत. काही जण नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झालेले आहेत. मागच्या रांगांत आईवडीलही दिसतात. त्यांनी आवर्जून ऐकावं, कारण आजचा विषय पैशांचा आहे आणि घरातला पैशांचा निर्णय त्यांच्याशिवाय होत नाही.

मी बी.ई. करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. पीएच.डी. केलेली नाही. पण गेली काही वर्षं नात्यातल्या, मोहल्ल्यातल्या, ओळखीच्या मुलामुलींचे पुढच्या शिक्षणाचे अर्ज वाचून देणं हे माझं रविवारचं काम झालं आहे. त्यातून एक गोष्ट दिसली. आपल्या घरात पुढच्या शिक्षणाचं नाव निघालं, की पहिला प्रश्न येतो, 'खर्च किती येईल?' आकडा ऐकला की विषय तिथेच संपतो. इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर शिक्षणात त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: 'या कामाचे मला कोण, किती आणि किती दिवस पैसे देणार?'

आपल्याकडे शिष्यवृत्तीला वजीफा म्हणतात. त्या शब्दाभोवती दोन समजुती चिकटल्या आहेत. एक, वजीफा गरिबाला मदत म्हणून मिळतो, मग मागायला लाज वाटते. दुसरी, तो पहिल्या नंबरवाल्यालाच मिळतो, मग आपण अर्जच करत नाही. इंजिनिअरिंगच्या संशोधनातला बहुतेक पैसा या दोन्हींत बसत नाही. प्रयोगशाळा चालवायची असते, कोड लिहायचा असतो, बी.टेक.च्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची असतात, उत्तरपत्रिका तपासायच्या असतात. ते काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि त्याचा मोबदला घेतात. मोबदला मागायला लाज कसली?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. शंभर वर्षांपूर्वीचा तो वजीफाही करारच होता: कोण देणार, किती देणार, कशाच्या बदल्यात. आपणही प्रत्येक योजना याच नजरेने वाचायची.

आधी कडू गोष्ट सांगून टाकते. अल्पसंख्याक समाजातल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं, की २०२२-२३ पासून ती बंद. कारण दिलं, की इतर योजना आहेतच आणि ही त्यांच्यावर चढते. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज अनुदान देणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच सुमारास बंद झाली. ज्यांची मौलाना आझाद फेलोशिप आधीपासून चालू होती, त्यांचेही पैसे २०२५ मध्ये महिनोन्‌महिने अडकले. ही योजना परत मागणं हा आपला नागरिक म्हणून हक्क आहे. निवेदनं द्या, खासदारांना विचारा. पण तुमचं वय त्या निवेदनाच्या उत्तरासाठी थांबणार नाही. म्हणून आज कोणते दरवाजे उघडे आहेत ते बघू.

पहिला दरवाजा गेटचा. गेट पास होऊन पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेतला, तर महिना १२,४०० रुपये, २४ महिने. ही रक्कम आयआयटी-एनआयटीतच मिळते असं नाही. एआयसीटीई मान्यता असलेल्या कॉलेजांतल्या गेट पात्र पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठीही योजना आहे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे नोकरी करता करता परीक्षा देऊन ठेवता येते. १२,४०० मध्ये घर चालत नाही, हे मलाही कळतं. पण आयआयटी मुंबईत काही विभागांत एम.टेक.ची रिसर्च असिस्टंट अशी वेगळी वाट असते. ती तीन वर्षांची असते आणि काम जास्त असतं. ज्यांचा स्कोअर थोडक्यात कमी पडतो, त्यांनी ती जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

दुसरा दरवाजा पीएच.डी.चा. आयआयटी, आयआयएससी, एनआयटीत पूर्णवेळ पीएच.डी.ला केंद्राच्या दराने शिष्यवृत्ती असते. १ जानेवारी २०२३ पासूनचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. काही संस्थांत घरभाडं वेगळं. २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये रक्कम ७० हजारांपासून सुरू होऊन ८० हजारांपर्यंत ठेवली होती. आपल्या अनेक मुलांना सुरुवातीच्या नोकरीत यापेक्षा कमी पगार मिळतो. तरी घरात वाक्य असं ऐकू येतं: 'अजून किती वर्षं शिकणार, कमावणार कधी?' त्या मुलाने किंवा मुलीने घरी सांगावं, की हे शिकणंच कमावणं आहे.

याच संस्थांत प्रकल्पांवर ज्युनियर रिसर्च फेलो किंवा प्रोजेक्ट असिस्टंट घेतात. बी.ई. आणि गेटवर अनेक जागा भरल्या जातात. वर्षभर असं काम केलं, की पैसे मिळतात, प्राध्यापकांची ओळख होते आणि पुढच्या अर्जाला खरं शिफारसपत्र मिळतं.

तिसरा दरवाजा आपण बघतच नाही. महाराष्ट्रात मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी यांसारख्या अनेक मुस्लिम जाती इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. म्हणजे ओबीसींसाठीच्या 'महाज्योती'ची पीएच.डी. फेलोशिप त्यांच्यासाठीही आहे. पण जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमी लेअर, हे तीन कागद जाहिरात निघाल्यावर गोळा होत नाहीत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'मुसलमान' लिहिलेलं असतं आणि फाइल तिथे अडते. पुरावे जमवायला वेळ लागतो, म्हणून आज सुरुवात करा. आपली जात राज्याच्या यादीत कशी लिहिली आहे, तेही अक्षर न् अक्षर तपासा. राज्याची आणि केंद्राची यादी वेगळी असते.

आता परदेश. इथे सगळ्यात महागडा गैरसमज आहे. आपल्या मुलांना वाटतं, अमेरिकेत आधी स्वतःच्या पैशाने एम.एस. करायचं आणि मग पीएच.डी. प्रत्यक्षात अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या बऱ्याच विभागांत चार वर्षांच्या बी.ई.वर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. एम.एस. बहुतेक वेळा स्वखर्चाने होतं. पीएच.डी.ला मात्र सहसा फी माफ होते आणि दरमहा मानधन मिळतं. बदल्यात आठवड्याला साधारण २० तास शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम असतं. ज्याला खरंच संशोधन करायचं आहे, त्याने आधी ४० लाखांचं कर्ज काढायची गरज नसते.

त्या ४० लाखांचा हिशेब करू. साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत धरली, तर हप्ता येतो सुमारे ५४ हजार रुपये. एकूण परतफेड जवळपास ६५ लाख, आणि यात शिकत असतानाचं व्याज धरलेलंच नाही. तारण म्हणून बहुतेकदा आईवडिलांचं घर असतं. व्याजाचा प्रश्न आपल्यातल्या काही घरांत श्रद्धेचाही असतो. त्यावर निवाडा देणं माझं काम नाही. पण बिनव्याजी वाटा आहेत हे माहीत असू द्या. परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतात. सगळा खर्च त्यात भागत नाही, पण बँकेकडून घ्यायची रक्कम कमी होते.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला फी नाही. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना एका सेमिस्टरला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी लावली आहे. फी नसली तरी व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' असं सांगणारा एजंट हा आकडा शेवटी सांगतो. तुम्ही आधी विचारा. पीएच.डी. मात्र तिथे इंजिनिअरिंगमध्ये बहुतेक वेळा चक्क नोकरी असते, करार आणि पगारासह. नेदरलँड्समध्येही तसंच. आणि युरोपभरच्या इरॅस्मस मुंडुस मास्टर्सच्या शिष्यवृत्तीत फी लागत नाही, वर महिना १,४०० युरो मिळतात.

एक सावधानता. इंटरनेटवरच्या लांबलचक याद्यांत पहिलं नाव असतं अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ग्रॅज्युएट फेलोशिपचं. ती फक्त अमेरिकेच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना आहे. कुठलीही योजना वाचताना रकमेआधी पात्रतेची ओळ वाचा. शिवाय २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने संशोधनाचे पैसे कापल्याने काही विभागांनी जागा कमी केल्या आहेत. सगळे अर्ज एकाच देशात टाकू नका.

आता, हा पैसा तुमच्यापर्यंत येतो कसा? असिस्टंटशिपचा पैसा बऱ्याचदा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पात असतो. त्या प्रकल्पाला माणूस हवा असतो. तो तुम्हीच का, हे तुम्हाला दाखवावं लागतं. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या ईमेलांपैकी बहुतेक एकाच साच्याचे असतात: 'आदरणीय सर, मला आपल्या महान मार्गदर्शनाखाली काम करायची इच्छा आहे.' चाळीस जणांना तोच मजकूर जातो आणि उत्तर येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने सहाच ईमेल लिहिले. प्रत्येक प्राध्यापकाचा एकेक पेपर वाचला. त्यातला एक प्रयोग स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर करून पाहिला, कुठे आकडे जुळले नाहीत ते चार ओळींत लिहिलं आणि कोडचा दुवा दिला. दोघांनी उत्तर दिलं. एकाने जागा दिली. तिचे मार्क वर्गात पहिले नव्हते. तिची कॉलेजही कोणाला माहीत असण्यासारखी नव्हती.

तारखांचंही बघा. अमेरिकेचे बरेचसे पीएच.डी. अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात आणि आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला उत्तर द्यायची अनेक विद्यापीठांनी पाळलेली तारीख १५ एप्रिल आहे. त्याआधी कोणी घाई करायला लावलं, तर शांतपणे वेळ मागा. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते. ती माफ करता येईल का, असं विभागाला लिहून विचारा. काही ठिकाणी माफ होते, पण न विचारणाऱ्याला होत नाही.

मुलींच्या आईवडिलांना एक सांगायचं आहे. 'एवढा खर्च करून शेवटी काय' हे वाक्य मुलीच्या बाबतीत जरा लवकर येतं. जिथे फी माफ आहे आणि महिन्याला पैसे मुलीच्या खात्यात येणार आहेत, तिथे ते वाक्य लागूच होत नाही. मग नकाराचं कारण खर्च नाही, दुसरं काही आहे. ते काय आहे, हे घरात मोकळेपणाने बोला. पैशांच्या नावाखाली ते झाकू नका.

घरी गेल्यावर वहीत पाच रकाने आखा. पैसे कोण देणार, कोणत्या कामाचे, किती काळ, शेवटची तारीख कोणती, आणि माझे कोणते कागद बाकी आहेत. पाच योजना लिहा, पन्नास नकोत. पाचवा रकाना भरून झाला, की मला दाखवायला या. रविवारी मी घरीच असते.