गाणी तीच, मग एवढी माणसं कशाला?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात, संगीत रजनी सुरू होण्यापूर्वी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी बोललो तसेच, थोडे नीटनेटके करून लिहून दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. त्याचं खरं कारण आपल्याला दिसतंच आहे. मागे साउंडवाल्यांची जोडाजोड चालू आहे आणि ती संपेपर्यंत कुणीतरी आपल्याला खुर्चीत बसवून ठेवायला हवं. अडतीस वर्षं काउंटरपुढची रांग सांभाळलेला माणूस म्हणून माझी निवड झाली असावी.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना मी 'बँकवाले काका' म्हणून माहीत आहे. फिक्स्ड डिपॉझिटचे व्याजदर, फॉर्म १५ एच, नॉमिनेशन, ही माझी ओळख. पण १९७४ ते १९९३ अशी एकोणीस वर्षं मी एका ऑर्केस्ट्रात अॅकॉर्डियन वाजवत होतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आज त्याबद्दल बोलायचं कारण म्हणजे आपली गेली सर्वसाधारण सभा.

त्या सभेत आजच्या कार्यक्रमासाठी दोन कोटेशनं आली होती. एक, दोन गायक आणि बाकी सगळं ट्रॅकवर. दुसरं, नऊ वादकांसह पूर्ण ऑर्केस्ट्रा, जवळजवळ तिप्पट पैशांत. तेव्हा आपल्या एका सभासदांनी विचारलं, "गाणी तीच ना? मग एवढी माणसं कशाला?" प्रश्न रास्त होता. पैसा सगळ्यांचा आहे, विचारलंच पाहिजे. ठराव थोड्या मतांनी पास झाला, पण त्यांना उत्तर कुणीच दिलं नाही. मीही नाही. ते आज देतो.

आमच्या वडिलांची घरात पेटी होती, भजनाला वाजवायचे. त्यामुळे उजवा हात मला लहानपणापासून थोडा चालत होता. १९७२ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि पहिल्या दोन वर्षांच्या शिल्लकीतून जुना अॅकॉर्डियन घेतला. उजव्या हाताला पेटीसारख्या पट्ट्या, डाव्या हाताला १२० बटणं, मध्ये भाता, आणि हे सगळं दहा-बारा किलोचं धूड गळ्यात. तो काळच अॅकॉर्डियनचा होता. 'आराधना'मधल्या 'रूप तेरा मस्ताना'तला केरसी लॉर्ड यांचा अॅकॉर्डियन ऐकून माझ्यासारखी कितीतरी मुलं वेडी झाली होती. शिवाय आपल्या पुण्यातच इनॉक डॅनियल्स यांच्यासारखा वादक होता. त्यांच्या रेकॉर्डी मी झिजेपर्यंत ऐकल्या आहेत.

ऑर्केस्ट्राच्या भाषेत कार्यक्रम मिळाला म्हणजे 'सुपारी' आली. एका कार्यक्रमाला म्हणायचे एक 'नाईट'. मला सुरुवातीला एका नाईटचे २५ रुपये मिळायचे. बँकेची लेखी परवानगी घेतलेली होती, हेही सांगून टाकतो, कारण समोर बँकेतलेच तीन-चार जण बसले आहेत. शनिवारी दुपारी मॅटॅडोर निघायची. आत आम्ही, कोंगो, ढोलक, ट्रंकांमध्ये वायरी, टपावर कर्णे. सातारा, कऱ्हाड, बारामती, सोलापूर. गणेशोत्सव, नवरात्र, जत्रा, साखर कारखान्याचा मोळी टाकण्याचा समारंभ. तेव्हा रात्री दहाची मर्यादा एवढी कडक नव्हती. कार्यक्रम दहाला सुरू व्हायचा आणि 'वन्स मोअर' घेत घेत दोन-अडीचला संपायचा. मग खंबाटकीच्या घाटात चहा, पहाटे घरी, आणि आठवड्याच्या मधली नाईट असली तर दहाला काउंटरवर. आमच्या हिने त्या एकोणीस वर्षांत एकही गणपती माझ्याबरोबर पाहिला नाही. तक्रार केली नाही असं मी म्हणणार नाही. केली, आणि बरोबर केली.

लोकांना वाटायचं, हे गाणी पाठ करतात आणि वाजवतात. तसं नव्हतं. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला डझनावारी व्हायोलिनं असायची. आम्ही नऊ जण. मग मधले म्युझिक पीस टेपरेकॉर्डर पुढे-मागे फिरवून एकेक काढायचे, आणि कुणी काय उचलायचं ते वाटून घ्यायचं. व्हायोलिनांचं काम माझ्याकडे, ब्रासचं ट्रंपेटकडे, सतारीचा तुकडा मेंडोलिनवर. गायिकेचा आवाज बसला तर आयत्या वेळी पट्टी उतरवायची, आणि मग सगळ्यांनी आपापले पीस खालच्या पट्टीत, तिथल्या तिथे, लोकांना न कळता. एका नाईटमागे चार-पाच तालमी असत. त्यांचे पैसे नसत.

आमचे ट्रंपेटवादक गोव्याचे होते. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. लहानपणी चर्चच्या शाळेत ते नोटेशन शिकले होते. हिंदी सिनेमाच्या संगीतात सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजर मंडळींनी केवढं काम केलं, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडून कळलं. कॅम्पात एका खोलीत राहायचे, घरात पाच माणसं. मला रेघांवरचं नोटेशन वाचायला त्यांनी शिकवलं, आणि त्याचा एक पैसा घेतला नाही.

आता इथे माझ्यातला बँकवाला बोलतो. माझ्या नाईटचे पैसे म्हणजे वरची कमाई होती. त्यातून घरात मिक्सर आला, मुलीची सायकल आली. अंकलचं तसं नव्हतं. त्यांचं घरच त्यावर चालायचं. जत्रा आणि लग्नं मे महिन्यात संपली की गणपतीपर्यंत हातात काही नाही. कर्ज मागायला गेलं तर फॉर्मवर पहिला प्रश्न, पगाराचा दाखला. तो कुठून आणणार? म्हणून मी एक केलं. अंकल धरून सहा जणांची आमच्या शाखेत रिकरिंग खाती उघडली. नाईट झाली की गाडीतच प्रत्येकी पाच-दहा रुपये मी गोळा करायचो आणि महिन्याला भरायचो. पावसाळ्यात ते पैसे हाताशी यायचे. बँकेत मला जी काही प्रशस्तिपत्रं मिळाली, त्यापेक्षा या सहा पासबुकांचा मला जास्त अभिमान होता.

एकदा कऱ्हाडच्या बाजूला एका जत्रेत ऐन गाण्यात लाईट गेली. पाच-सहा हजार माणसं, मिट्ट काळोख. कालवा सुरू होणार एवढ्यात अंकल उभे राहिले आणि त्याच गाण्याचा पुढचा पीस त्यांनी ट्रंपेटवर उचलला. ढोलकवाल्याने ठेका सोडला नव्हताच. मी शिरलो. गायक माइकशिवाय, घसा फोडून गायला. कुणीतरी गॅसबत्ती आणून ठेवली. वीस मिनिटं आम्ही तसेच वाजवत होतो आणि एक माणूस जागचा हलला नाही. लाईट आली तेव्हा लोकांनी "घालवा, घालवा" असा ओरडा केला होता.

१९८७ साली मी कीबोर्ड घेतला. पीएफमधून कर्ज काढून. त्यात बासरी होती, व्हायोलिनं होती, ट्रंपेटही होता, बटण दाबलं की हजर. तोवर ऑक्टोपॅडही आले होते. बुकिंगला येणारी मंडळी घासाघीस करायला लागली होती, "माणसं कमी आणा, पैसे कमी करा." मालकांचाही नाइलाज होता, त्यांना मी दोष देत नाही. एका तालमीनंतर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या त्या कीबोर्डवर ट्रंपेट येतो ना?"

मी म्हणालो, "येतो."

एवढंच. तो कसा येतो, कुठे उघडा पडतो, हे मी सांगितलं नाही. नवीन खेळण्याची हौस होती, आणि माझा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होत होता. पुढच्या नाईटपासून अंकल गाडीत नव्हते. व्हायोलिनवालेही नव्हते.

त्या पावसाळ्यात अंकल शाखेत आले. तोवर मी ऑफिसर झालो होतो. रिकरिंग मुदतीआधी मोडायचं होतं. फॉर्म माझ्याच टेबलावर आला. मी चहा मागवला, त्यांनी घेतला. मुलांची विचारपूस झाली. मी सही केली, पैसे त्यांच्या हातात पडले, ते "थँक यू" म्हणून गेले. त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. नंतर एकदा लक्ष्मी रोडवर वरातीच्या बँडमध्ये लाल डगला घालून वाजवताना दिसले. मला पाहून त्यांनी ट्रंपेट जरासा वर केला. मी फुटपाथवरून हात केला आणि पुढे गेलो. थांबायला हवं होतं.

कुणी म्हणेल, काळ बदलतो. खरं आहे. अॅकॉर्डियन तरी काय, दहा व्हायोलिनांच्या जागी एक माणूसच होता. आणि पुढे ट्रॅक आले तेव्हा माझ्या कीबोर्डचंही काम संपलं. १९९३ साली माझी बदली झाली, ते एक निमित्त. यंत्राला माझा विरोध नाही. मी स्वतः रोज सकाळी मोबाइलवर जुनी गाणी ऐकतो. पण तिप्पट पैसे कुठे जातात असं कुणी विचारलं, तर मला एवढंच सांगता येतं की ते नऊ घरांत जातात, आणि त्यातली निम्मी घरं अशी असतात की जिथे दुसरा पगार नाही.

संध्याकाळी मी मागे जाऊन या मंडळींना भेटून आलो. ट्रंपेट वाजवणारा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. मी त्याला माझा जुना प्रश्न विचारला, "पावसाळ्यात काय करतोस रे?" म्हणाला, "काका, जेवणाची पार्सलं पोचवतो." म्हणजे आपल्याच गेटवर तो कधीतरी येऊन गेला असेल.

आता माझी फक्त तीन मागणी आहेत. एक, पुढच्या रांगा रिकाम्या ठेवू नका. वाजवणाऱ्याला समोर माणूस दिसला की हात आपोआप चालतो. दोन, टाळ्या फक्त गायकाला देऊ नका. मधला पीस छान वाजला तर तिथेच दाद द्या. तीन, ही मंडळी दुपारी तीनपासून इथे आहेत. आपली जेवणं उरकल्यावर राहिलेलं त्यांना वाढायचं, असं मी खूप ठिकाणी अनुभवलं आहे. आज त्यांची पंगत आपल्याबरोबर बसेल, असं सेक्रेटरींनी कबूल केलं आहे. पाकीटही आजच रात्री द्यायचं आहे. "चेक सोमवारी घेऊन जा" असं नाही. खजिनदारांच्या खिशात ते आहे, मी खात्री करून घेतली आहे. सवय, दुसरं काय.

मागून निवेदक खूण करत आहेत, म्हणजे साउंड तयार आहे. मी पंधराची अठरा मिनिटं घेतली. मी आता पहिल्या रांगेत, ट्रंपेटच्या बरोबर समोर जाऊन बसतो. आपणही पुढे या.